लहान विमानं का पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधराएक वर्षांपूर्वी मी हौसेपोटी एका फ्लाइंग क्लबात विमान शिकायला गेलो. एकट्याने उडण्यापर्यंत पोचलो, मग पैसे संपले आणि थांबलो. पण तेव्हापासून कुठेही लहान विमान पडलं की नातेवाइकांचे आणि सोसायटीतल्या लोकांचे फोन मलाच येतात. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उडणं सुटलं तरी अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची खोड काही सुटलेली नाही. इथलं बरंचसं त्यातलंच आहे.

लहान खासगी विमान म्हणजे नक्की कोणतं?

एक किंवा दोन इंजिनं, पुढे पंखा (प्रॉपेलर), दोन ते आठ-दहा जागा. सेसना १५२ आणि १७२, पायपर, डायमंड, टेकनाम, सिरस, बीचक्राफ्ट बोनान्झा ही यातली नेहमीची नावं. मालक स्वतः चालवतो ते, क्लबाचं भाड्याने मिळणारं आणि शिकाऊ वैमानिकांचं, अशी सगळी विमानं यात धरतो. आपल्याकडे खासगी हौशी वैमानिक मोजकेच, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बातम्या बहुतेक प्रशिक्षण विमानांच्या असतात. अमेरिकेत मात्र डॉक्टर, वकील, शेतकरी अशी साधी माणसंही स्वतःचं विमान बाळगतात. अहवालही तिकडे व्यवस्थित प्रसिद्ध होतात, म्हणून खाली बरीच उदाहरणं तिकडची आहेत.

प्रवासी विमानापेक्षा यात धोका जास्त असतो का?

हो, आणि थोडाथोडका नाही. अमेरिकेत अशा उड्डाणांच्या दर लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. विमान कंपन्यांच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ शून्यावर आलाय.

यंत्र कुचकामी असतं म्हणून हे होतं असं नाही. मोठ्या विमानात दोन वैमानिक असतात, हवामान बघायला वेगळी माणसं असतात, उड्डाण रद्द करायचा अधिकार कागदावर लिहिलेला असतो. लहान विमानात एकच माणूस हवामान बघतो, तेल (म्हणजे इंधन) बघतो, वजनाचा हिशेब करतो, विमान चालवतो आणि घरच्यांना वेळेवर पोचवायचं वचनही त्यानेच दिलेलं असतं. त्याला ‘आज नको’ म्हणणारं दुसरं कोणी नसतं.

बातमीत नेहमी ‘तांत्रिक बिघाड’ असतं. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. इंजिन बंद पडलं की विमानाचं ग्लायडर होतं. सेसना १७२ दर हजार फूट उंचीमागे अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जाऊ शकतं. तीन हजार फुटांवर असाल तर सात-आठ किलोमीटरच्या टापूत एखादं सपाट रान शोधायचं आणि तिथे उतरवायचं. शिकताना हे इतक्या वेळा घोटून घेतात की वैताग येतो. गुरुजी मध्येच थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची मूठ) ओढून विचारायचे, “इंजिन गेलं. आता कुठे उतरणार?” मी उसाचं शेत दाखवलं तेव्हा पुढचा अर्धा तास बोलणी खाल्ली. उभा ऊस वरून गालिचासारखा दिसतो, पण चाकं त्यात अडकली की विमान कोलांटी खातं.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच उडालेल्या बावीस वर्षांच्या शिकाऊ मुलीचं सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शेतात पडलं. विमानाची पार मोडतोड झाली, ती किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांत, दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. दोन्हींतली माणसं वाचली. विमान काबूत राहून कमी वेगाने, पंख सरळ ठेवून जमिनीला टेकलं तर मोडतं विमान. ताबा सुटून पडलं तर मात्र माणसं वाचणं कठीण.

मग ताबा सुटतो कशाने?

मुख्यतः स्टॉलमुळे. या शब्दाने फार गोंधळ होतो, कारण गाडी ‘स्टॉल’ होते तेव्हा इंजिन बंद पडलेलं असतं. विमानाचा स्टॉल पंखांचा असतो. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही तो होतो.

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये असं लिहिलेलं असतं, पण लहानपणी सगळ्यांनी काढलेला असतो. तळवा किंचित वर तिरका केला की हात आपोआप उचलला जातो. अजून तिरका केला की अजून उचलला जातो. एका मर्यादेपलीकडे केला की उचल संपते, हात नुसता मागे फेकला जातो. पंखाचं तसंच. वाऱ्याशी त्याचा कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की वरून घसरणारी हवा पंख सोडते आणि उचल एकदम कमी होते. उपाय सोपा आहे : नाक खाली करा, पंखाला हवा परत धरू द्या. दोन हजार फुटांवर हे काहीच नाही, आम्ही सराव म्हणून करायचो. तीनशे फुटांवर, समोर जमीन दिसत असताना दांडा (नाक खाली-वर करायचा) पुढे ढकलायला हात धजत नाही. हात उलट मागेच ओढतो.

वळताना तर स्टॉल आणखी लवकर येतो. सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरला स्टॉल होणारं विमान, उंची राखत ४५ अंश कलून वळलं तर १०७ लाच स्टॉल होतं. ६० अंश कललं तर १२७ ला. म्हणून उतरायच्या आधीचं शेवटचं वळण बदनाम आहे. मागून वारा असला की विमान धावपट्टीची रेघ ओलांडून पुढे जातं. वैमानिकाला ते उशिरा कळतं. जास्त कलायची भीती वाटते म्हणून तो पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून नाक जबरदस्तीने वळवतो, नाक खाली जायला लागतं तसा दांडा मागे ओढतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली जातं. स्पिन म्हणतात तो हाच. त्यातून बाहेर यायला हजारभर फूट लागतात, आणि त्या वळणावर हाताशी असतात पाचशे.

उड्डाण केल्याकेल्या इंजिन गेलं तर लगेच मागे का फिरत नाहीत?

फिरतात, आणि तिथेच मरतात. बरोबर मागे वळणं म्हणजे १८० अंश वाटतं. पण त्याच धावपट्टीच्या रेषेवर परत यायचं तर बाहेरून फेर घेऊन पुन्हा उलटं वळून एकूण अडीचशे-पावणेतीनशे अंश फिरावं लागतं. तेही इंजिनाशिवाय. कमी उंचीवर असाल तर समोर जे दिसेल त्यात, थोडं डावं-उजवं करून, उतरायचं असा नियम शिकवतात. समोर झाडं, कुंपण, ओढा दिसत असतो आणि पाठीमागे सुंदर काळी धावपट्टी असते. मोह कुणालाही होईल.

ढगात शिरलं म्हणून विमान का पडावं? ढग म्हणजे वाफच ना?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

फुगडी घालून थांबल्यावर काय होतं आठवा. आपण उभे असतो आणि अंगण फिरत असतं. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतलं पाणी अजून हलत असतं, म्हणून मेंदूला वाटतं आपण फिरतोय. याच्या उलटही घडतं. एखादं वळण हळूहळू सुरू झालं आणि अर्धा मिनिट तसंच चाललं तर ते पाणी नळीबरोबर फिरायला लागतं आणि मेंदूला वाटतं आपण सरळ आहोत. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे चूक सुधारतात. ढगात, धुक्यात किंवा काळोख्या रात्री समुद्रावर क्षितिजच नसतं. विमान डावीकडे कलतंय, नाक खाली जातंय, वेग वाढतोय, आणि आत बसलेल्याला वाटतंय सगळं आलबेल आहे. उंची कमी होताना दिसते म्हणून तो दांडा मागे ओढतो. विमान कललेलं असल्यामुळे त्याने नाक वर येत नाही, वळण मात्र आणखी आवळतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ च्या सुमारास यावर एक प्रयोग केला होता. बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडायचं शिक्षण न झालेले वीस वैमानिक घेतले, खऱ्या विमानात त्यांना बाहेरचं दिसणं बंद केलं आणि घड्याळ लावलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. कुणाचा वीस सेकंदांत, कुणाचा आठ मिनिटांत. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

१६ जुलै १९९९ चा जॉन एफ. केनेडी धाकटे यांचा अपघात याचाच. न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे, पायपर सॅराटोगा विमान, बरोबर पत्नी आणि मेव्हणी. उजेड असताना निघायचं ठरलं होतं. रहदारीत उशीर झाला, चाकं उचलली तेव्हा रात्रीचे ८.३८ झाले होते आणि सूर्य मावळला होता. केनेडींच्या नावावर सुमारे ३१० तास होते, उपकरणांवर उडायचा परवाना नव्हता. एका प्रशिक्षकाने बरोबर येऊ का विचारलं होतं, त्यांनी एकट्यालाच जायचंय असं सांगितलं. किनाऱ्याच्या दिव्यांवरून जाईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग पाण्यावरचा शेवटचा टप्पा आला. वर धुरकट हवा, खाली काळं पाणी, मध्ये रेघ नाही. रडारवर विमान आधी वळताना, मग थोडं वर चढताना, मग उजवीकडे वळत मिनिटाला साडेचार हजार फुटांहून जास्त वेगाने खाली जाताना दिसतं. चौकशीत इंजिनात, पंखात, नियंत्रणांत कुठलाही दोष सापडला नाही. विमानात ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, होता.

पण समोर उपकरणं असतातच की! त्यांच्याकडे बघायचं.

बघणं वेगळं आणि शरीर ओरडून वेगळंच सांगत असताना उपकरणावर विश्वास ठेवणं वेगळं. त्याचं स्वतंत्र शिक्षण असतं, आणि ते सहा महिने केलं नाही तर जंग चढतो.

शिवाय उपकरणं सगळीकडे सारखी नसतात. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी गायक बडी हॉली आणि त्याच्या दोन साथीदार गायकांना घेऊन आयोवा राज्यातून रात्री एकच्या आसपास निघालेलं बोनान्झा विमान दहा किलोमीटरही गेलं नाही. बर्फ पडत होता, वैमानिक २१ वर्षांचा. त्या विमानातलं विमानाचा कल दाखवणारं उपकरण जुन्या धाटणीचं होतं आणि त्याचं चित्र वैमानिकाच्या सवयीच्या उपकरणाच्या नेमकं उलटं दिसायचं. चौकशीवाल्यांनी हे कारण म्हणून नोंदवलं. वाटेतल्या बिघडत्या हवामानाचा इशाराही त्याच्यापर्यंत नीट पोचवला गेला नव्हता.

विमानातलं तेल संपतं, हे खरं वाटत नाही. इतका निष्काळजीपणा कोण करेल?

चांगली शहाणी माणसं करतात. त्यात दोन प्रकार आहेत. एकात तेल खरोखर संपलेलं असतं : वारा समोरचा निघाला, वळसा पडला, काटा चुकीचं दाखवत होता. जुन्या सेसनाचा काटा आपल्या जुन्या स्कूटरच्या काट्याइतकाच भरवशाचा, म्हणून आम्ही पंखावर चढून टाकीत काडी घालून मोजायचो. अमेरिकेत नियमच आहे की पोचल्यावर दिवसा अर्ध्या तासाचं आणि रात्री पाऊण तासाचं तेल शिल्लक राहील एवढं घेऊनच निघायचं.

दुसरा प्रकार जास्त चीड आणणारा. एक टाकी रिकामी, दुसरीत तेल आहे, पण टाकी बदलायचा कॉक फिरवलेला नाही.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉंटेरेच्या समुद्रात गायक जॉन डेन्व्हर गेला तो असाच. त्याच्यापाशी उडण्याचा भरपूर अनुभव होता, पण घरगुती बांधणीचं हे लाँग-ईझी विमान त्याने नुकतंच विकत घेतलं होतं. बांधणाऱ्याने टाक्या बदलायचा कॉक वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायचा तर पट्टा सैल करून मागे वळायचं. उड्डाणाआधी डेन्व्हर आणि तिथला मेकॅनिक यांनी पकड लावून बघितली, म्हणजे हात लांबेल, जमलं नाही. मागचे तेलाचे काचेचे मापक दिसावेत म्हणून मेकॅनिकने एक आरसा दिला. तेल भरायचं का विचारल्यावर डेन्व्हरने नको म्हटलं. थोड्याच वेळात इंजिन गेलं. कॉकसाठी मागे वळताना पाय रडरवर दाबला जातो, हे नंतर तशाच विमानात बसून तपासलं गेलं. अहवालात कॉकची जागा, त्यावर खुणा नसणं आणि नव्या विमानाची अपुरी तालीम अशी कारणं एकाखाली एक आहेत.

घरगुती बांधणी म्हटल्यावर मराठी वाचकाला कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतील. त्यांच्यामागे परवान्यासाठी किती वर्षं गेली हे वाचून सगळे सरकारी खात्यावर चिडले होते, मीही. डेन्व्हरचा अहवाल वाचल्यावर, कॉक कुठे बसवलाय हे तिऱ्हाइताने येऊन बघणं का गरजेचं असतं ते कळलं.

तेलात पाणी मिसळतं म्हणतात ते काय?

रात्रभर अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या हवेतलं दव पत्र्याला धरतं आणि खाली उतरतं. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर पाऊस आहेच. सकाळी पंखाखाली वाकून, बोटभर लांबीच्या पारदर्शक पेल्यात टाकीच्या तळाचं थोडं तेल काढायचं आणि उजेडासमोर धरायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी जड, त्यामुळे ते तळाशी बिनरंगी थेंबासारखं वेगळं बसतं. एका जुलैत मी पेला धरला तर सगळंच बिनरंगी. मला वाटलं, वा, एक थेंब पाणी नाही! मेकॅनिकने वास घेतला आणि हसला. पेलाभर नुसतं पाणीच होतं. तेव्हापासून मी आधी रंग बघतो, मग थेंब शोधतो.

निळा रंग आणखी एका चुकीपासून वाचवतो. काही नवी डिझेल इंजिनवाली लहान विमानं जेटचं इंधन घेतात. तेच चुकून पेट्रोलच्या विमानात गेलं तर इंजिन सुरू होतं, उड्डाणही होतं, आणि मग बंद पडतं.

बर्फ तर काश्मीरला पडतो. महाराष्ट्रात इंजिनात बर्फ कसा होईल?

होतो, आणि भर पावसाळ्यात वीस-पंचवीस अंशांतही होतो. माठातलं पाणी गार का होतं, तेच तत्त्व. कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, पेट्रोलची वाफ होते, आणि दोन्हींमुळे तिथलं तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. हवा ओली असली की गळ्यात आतून बर्फाची साय धरते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. सुरुवातीला नुसते फेरे थोडे कमी होतात. त्यासाठी गरम हवा सोडायची एक खिट्टी असते. ती ओढली की बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं, इंजिन आधी खोकतं, जास्तच थरथरतं. नवखा घाबरून खिट्टी परत आत ढकलतो. वाईट गोष्ट अशी, की जमिनीवर पडेपर्यंत बर्फ वितळलेला असतो आणि पुरावा हाती लागत नाही.

चार सीटचं विमान आहे, मग चार माणसं बसली तर काय बिघडलं?

हिशेब करून बघा. सेसना १७२ च्या अलीकडच्या मॉडेलचं उड्डाणाचं कमाल वजन साधारण ११५७ किलो. रिकामं विमान साडेसातशेच्या पुढे. टाक्या काठोकाठ भरल्या तर तेलाचे १४० किलो. उरले अडीचशेच्या आसपास. ऐंशी किलोचे चार गडी म्हणजे ३२०, आणि अजून पिशव्या डिकीतच नाहीत. मग तेल कमी करा किंवा माणूस कमी करा. पाहुण्याला ‘तुझं वजन किती?’ विचारायची आपल्याला लाज वाटते, तिथेच खरी मेख आहे.

नुसतं एकूण वजन नाही, ते कुठे ठेवलंय तेही बघावं लागतं. मागे जड झालं की नाक आपोआप वर जातं आणि खाली करायला दांडा पुरत नाही. २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामातल्या मार्श हार्बरहून गायिका आलियाला घेऊन निघालेलं सेसना ४०२ धावपट्टीच्या टोकाशीच कोसळलं, नऊ जण गेले. चित्रीकरणाच्या सामानासह वजन मर्यादेच्या बरंच वर होतं आणि भार मागे सरकलेला होता.

उन्हाळ्यात विमान नीट चढत नाही, हे खरं?

अगदी खरं. तापलेली हवा विरळ. पंखाला धरायला कमी, पंख्याला ढकलायला कमी, इंजिनाला जाळायला कमी. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरची धावपट्टी घ्या आणि चाळीस अंशांची एप्रिलची दुपार. विमानाच्या लेखी ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर गेलेली असते. सकाळी सहाला जे विमान टुणकन उचलतं तेच दुपारी दोनला धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडत नाही. म्हणून आमच्या क्लबात मे महिन्यात सगळी झुंबड पहाटेची असायची.

अनुभवी माणूस असूनही चूक का करतो?

पोचायचंच, या हट्टापायी. या एका गोष्टीने जितकी विमानं पाडली तितकी कुठल्या यंत्राने पाडली नसतील, असं मला अहवाल वाचून वाटतं.

एप्रिल १९९६. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी अमेरिका आडवी पार करणारी सगळ्यात लहान वैमानिक होणार म्हणून टीव्हीवर गाजत होती. कायद्याने वैमानिक होता शेजारी बसलेला प्रशिक्षक, मागे मुलीचे वडील. ११ तारखेला सकाळी वायोमिंगमधल्या शायेनहून निघताना वादळी पाऊस सुरू झाला होता. विमानतळ सहा हजार फुटांवर, विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन. पुढच्या गावी वार्ताहर वाट बघत होते. उड्डाणानंतर लगेच विमान स्टॉल होऊन कोसळलं, तिघंही गेले. अहवालाने वेळापत्रकाचा हव्यास आणि माध्यमांना दिलेले शब्द हेही कारणांत धरले. त्याच वर्षी अमेरिकेने लहान मुलांच्या अशा विक्रमी उड्डाणांना कायद्याने आळा घातला.

दुसरं कारण फाजील आत्मविश्वास. २३ जून १९८० ला दिल्लीत सफदरजंग विमानतळावरून उडालेल्या पिट्स विमानात संजय गांधी आणि त्यांच्याबरोबरचे कॅप्टन सक्सेना गेले ते हवाई कसरती करताना. हे विमान कसरतींसाठीच बनवलेलं होतं, पण चूक सुधारायला लागणारी उंची कसरतीच्या विमानालाही लागतेच.

तारा आणि पक्षी?

पक्ष्याची धडक मोठी बातमी होते, पण लहान विमानाचा वेग कमी असल्याने त्यात माणसं मरणं तुलनेने विरळ. तारा मात्र खरोखर घातक, कारण वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाजवळ वैनगंगेवरून आडव्या गेलेल्या रोपवेच्या तारेला प्रशिक्षण विमान अडकलं, दोघं गेले. नदीवर खाली उतरू नये, हे शिकवतात ते याचसाठी.

विमानालाच पॅराशूट का लावत नाहीत?

लावतात. सिरस कंपनीच्या विमानांत १९९० च्या दशकाअखेरीपासून ते असतंच. छताला लाल मूठ असते. ओढली की छोटं रॉकेट उडतं, पॅराशूट बाहेर येतं आणि अख्खं विमान त्याला लटकून खाली येतं. २००२ साली टेक्सासमध्ये पहिल्यांदा यामुळे माणूस वाचला, आतापर्यंत दोनशेहून जास्त जण वाचलेत.

पण गंमत बघा. सुरुवातीच्या वर्षांत या विमानांचे अपघात फारसे कमी झालेच नाहीत. मूठ होती, ओढायची कुणी नाही. वैमानिकाला वाटायचं, अजून सावरता येईल. मूठ कधी ओढायची याची तालीम रीतसर द्यायला लागले तेव्हा आकडे खाली आले. आणि तीही पाचसहाशे फुटांखाली फारशी उपयोगाची नाही.

लहान विमानात ब्लॅक बॉक्स असतो का? चौकशी कोण करतं?

बहुतेक असत नाही. मग जीपीएस, इंजिनाची नोंद ठेवणारं यंत्र, रडार, मोबाइल, शेतकऱ्याने काढलेला व्हिडिओ, पंख्याची पाती कशी वाकली यावरून ताळा लावतात. पाती पुढे पिळवटलेली असतील तर आदळताना इंजिन जोर लावत होतं. एखादंच पातं मागे मुडपलं असेल तर बहुधा नाही.

भारतात हे काम एएआयबी (विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) आणि डीजीसीए (नागरी उड्डाणावर देखरेख करणारं खातं) यांच्याकडे. आंतरराष्ट्रीय नियमाने चौकशीचा हेतू दोषी ठरवणं हा नसतो, पुढचा अपघात टाळणं हा असतो. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत यायचा असतो. पहिल्याच संध्याकाळी टीव्हीवर कारण सांगणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं तर बरं.

मुलीला पायलट व्हायचंय. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, कुठेतरी पाठवायचंय. पाठवू का?

पाठवा. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, आणि त्यातले बरेच ती एकटी उडणार. फीबद्दल सगळे पालक विचारतात. त्याशिवाय तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकांतात गाठून तीन गोष्टी विचारा. विमानातली बारीकसारीक तक्रार वहीत लिहिली तर कुणी डोळे वटारतं का? एका प्रशिक्षकामागे किती मुलं आहेत? आणि ‘आज हवा ठीक वाटत नाही, मी जात नाही’ असं म्हटलं तर ऐकून घेतात, की तास भरायचेत म्हणून ढकलतात? तिसऱ्याचं उत्तर देताना मुलगा किंवा मुलगी क्षणभर अडखळली तरी दुसरी शाळा बघा.

आमच्या शिवारात विमान पडलं तर काय करायचं?

आधी ११२ ला फोन, जागा नीट सांगायची : गाव, गट, जवळचा रस्ता. विडी-सिगारेट लांब. पेट्रोल गळत असतं आणि या विमानांच्या टाक्या पंखांत असतात. पंखा थांबलेला असला तरी त्याला हात लावू नका, तो अचानक फिरू शकतो. विमान सिरस जातीचं असेल आणि पॅराशूट उघडलं नसेल तर रॉकेट अजून आत आहे, त्यामुळे छताची लाल मूठ कुणी ओढायची नाही आणि मागच्या पत्र्यावर कुऱ्हाड चालवायची नाही. आग लागली नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर मान न हलवता तसाच धरून ठेवलेला बरा. आग दिसली तर मात्र ओढून काढा.

जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरचं प्रशिक्षण विमान पडलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी. तिथे ना रस्ता ना स्ट्रेचर. एका आदिवासी बाईंनी अंगावरचं लुगडं सोडून दिलं, गावकऱ्यांनी त्याची झोळी केली आणि त्यातून त्या मुलीला खाली रस्त्यापर्यंत आणलं, असं तेव्हा पेपरांत आलं होतं.

विमानाचे तुकडे आठवण म्हणून घरी नेऊ नका. नेले असतील तर चौकशीवाले आले की परत द्या. एखादा वाकलेला खिळाही त्यांना हवा असतो. व्हिडिओ काढला असेल तर ग्रुपवर टाकायच्या आधी मूळ फाइल त्यांच्यासाठी जपून ठेवा. पुढेपुढे पाठवत गेलं की आवाज दबतो, आणि पडायच्या आधी इंजिन चालू होतं की नाही हे बऱ्याचदा त्या आवाजावरूनच कळतं.